पलंग उन्हात काऊन काढला

पहिल्या गांधी उठल्या त्या माझ्या डाव्या हातावर. मनगटाच्या थोडं वर, एका ओळीत तीन. शाळेत फळ्यावर लिहिताना बाही मागे सरकली की पुढच्या बाकावरच्या मुली त्याकडे बघत, म्हणून ऐन मार्च महिन्यात मी पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घालायला लागले. शिक्षकांच्या खोलीत एकीने विचारलंही, थंडी वाजते का म्हणून. मी हो म्हणाले.

आम्ही लोणारला राहतो. मी शाळेत शिकवते, नवरा पंचायत समितीत कारकून आहे, मुलगा नोकरीसाठी नागपूरला. सासूबाई सात वर्षांपूर्वी धामणगाव बढेहून दोन महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि राहिल्या. घर भाड्याचं, तीन खोल्यांचं, पुढे अंगण. हे सगळं मी डॉक्टरांनाही सांगितलं होतं, त्यांनी विचारलं नसताना. त्यांनी माझा हात उलटापालटा करून पाहिला आणि घरात ढेकूण झालेत का, एवढंच विचारलं होतं. मी इतक्या घाईने नाही म्हणाले की त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग मी रोज दोनदा फरशी पुसली जाते, दर रविवारी चादरी धुतल्या जातात, अशी सगळी माहिती दिली. ते म्हणाले, ढेकणाला स्वच्छतेशी काही देणंघेणं नसतं, त्याला फक्त माणूस लागतो. आणि त्यांनी मलम लिहून दिलं.

घरी येऊन मी अॅलर्जी आहे असं सांगितलं. कसली, असं नवऱ्याने विचारल्यावर समोर ओट्यावर जे दिसलं त्याचं नाव घेतलं. ती वांगी होती. त्यानंतर तीन आठवडे आमच्याकडे वांगं शिजलं नाही. सासूबाईंचं वांग्याशिवाय एक दिवस चालत नाही. त्या जेवताना ताटाकडे न बघता माझ्या हाताकडे बघत आणि गांधी काही कमी होत नाहीत याची मनातल्या मनात नोंद घेत.

शेवटी त्यांनीच शोध लावला. एका रविवारी सकाळी मी चादर काढली, तेव्हा त्या चष्मा लावून आल्या आणि गादीच्या शिवणीवरून अंगठा फिरवत गेल्या. शिवणीवर पेनाची शाई ठिबकल्यासारखे काळे ठिपके होते. एका कोपऱ्यात मसुराच्या फोलपटाएवढं काहीतरी चाललं होतं. त्यांनी ते दाबलं, बोट नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "ढेकून हाय."

नवऱ्याने कशावरून असं विचारलं. कचेरीत त्याला प्रत्येक अर्जाला हा प्रश्न विचारायची सवय आहे. सासूबाईंनी बोट त्याच्या नाकाखाली धरलं. कोथिंबीर सडल्यावर येतो तसला वास. तो खुर्चीवर बसला, मग उठला, खुर्ची उलटी करून पाहिली आणि पुन्हा बसला.

त्या दिवशी आमचं भांडण झालं ते ढेकूण कोणी आणले यावरून. माझं म्हणणं, तो जानेवारीत प्रशिक्षणाला गेला होता, तिथल्या गाद्यांवर तीन रात्री झोपला होता आणि परत येऊन त्याने बॅग थेट पलंगावर ठेवली होती. त्याचं म्हणणं, माझ्या आईने मेहकरहून पाठवलेली गोधडी. सासूबाईंनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि गोधडीच्या बाजूने निकाल दिला. नंतर थोड्या मऊ होऊन म्हणाल्या की त्यांच्या स्वतःच्या माहेराहून आलेली एक वाकळही त्याच पेटीत आहे, तेव्हा कोणाचं काय सांगावं. त्यांना मात्र काही चावत नव्हतं, किंवा चावलं तरी अंगावर उठत नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता. त्या संध्याकाळी आमच्याकडे परत वांगी शिजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पलंग अंगणात काढला. सागवानी आहे, लग्नातला, उचलताना नवऱ्याच्या पाठीतून आवाज आला. समोरच्या वहिनी फाटकाशी आल्याच. त्यांना कळलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळतं, म्हणून पलंग उन्हात का काढला असं त्यांनी विचारल्यावर मी म्हणाले, पॉलिश करायचंय.

वहिनी मदतीला फार पुढे. तासाभरात त्यांच्या ओळखीचा मिस्त्री हजर. मी त्याला उद्या या, परवा या असं सांगत होते, तोवर त्याने खिशातून पटाशी काढून डोक्याकडच्या फळीवर दोनदा ठोकलं. फळीच्या चिरेतून एक ढेकूण बाहेर आला, त्याच्यामागे दोन लहान. मिस्त्रीने जमिनीवर ठेवलेली आपली पिशवी उचलून खांद्याला लावली आणि दोन पावलं मागे सरकला. वहिनी तोवर आपल्या दाराशी गेल्या होत्या म्हणून बरं. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, याला पॉलिश नंतर करू. आधी खिळे-बोल्ट काढून सांध्यांत उकळतं पाणी घाला. ते गेले की मग मी चिरा लांबीने भरून देतो." आणि अंगणाबाहेर जाऊन त्याने पायजमा झटकला.

पाणी आम्ही घातलं. जे दिसले ते मेले. चार दिवस शांततेत गेले आणि पाचव्या दिवशी माझ्या मानेवर ओळीने चार गांधी. शिवाय एक नवीन गोष्ट झाली. ढेकणांच्या धास्तीने नवरा मधल्या चार रात्री पुढच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपला होता, आणि आता सोफ्यातही ठिपके दिसायला लागले.

मग तो म्हणाला, आता औषधाशिवाय होणार नाही. शनिवारी तो कृषी केंद्रात गेला. दुकानात गर्दी होती, त्यात पंचायत समितीतले दोन ओळखीचे. दुकानदाराने विचारलं, कशावर मारायचंय. ढेकूण हा शब्द त्याच्या तोंडून निघेना. तो म्हणाला, वांग्यावर. दुकानदाराने किती क्षेत्र आहे असं विचारलं, तर हा म्हणाला, थोडंच आहे, घराजवळ. बाटली घेऊन घरी आला. मी बाटलीवरचा त्रिकोण पाहिला. लाल होता, म्हणजे जहाल विष. खाली बारीक अक्षरांत काय काय लिहिलं होतं ते मी मोठ्याने वाचून दाखवलं, शाळेत वाचते तसं, स्वल्पविराम घेऊन.

"वांग्यावर झोपतो का आपण?" मी विचारलं.

एरवी सासूबाई औषधाच्या बाजूने होत्या. पण त्यांच्या गावी एकाने कपाशीचं औषध खाटेला मारलं होतं आणि आठ दिवस दवाखान्यात पडून होता, हे त्यांना तेव्हाच आठवलं. त्यांनी बाटली हातात न घेता पदराने ढकलली. नवरा परत गेला. दुकानदाराने का परत करता असं विचारल्यावर याने सांगितलं की वांगी उपटून टाकली.

हे सगळं चालू असताना पुण्याहून फोन आला. माझ्या नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ आणि माझ्या जाऊबाई मेहकरच्या एका लग्नाला येणार होते. मेच्या पहिल्या आठवड्यात, दोन दिवस, मुक्काम आमच्याकडे. लोणारला घर असलं की पाहुणे येतातच, सरोवर बघायचं असतं. हे दोघं तर दिवाळीच्या सुट्टीतही येऊन गेले होते. नवरा फोनवर म्हणाला, "या ना, या." मी समोर उभी राहून हाताने नाही नाही करत होते. तो म्हणाला, "ती पण या म्हणते आहे."

जाऊबाईंबद्दल सांगायला हवं. बाई वाईट नाहीत, पण दिवाळीत त्यांनी सासूबाईंना 'काय करून राह्यली' हे तीनदा म्हणायला लावलं होतं आणि तिन्ही वेळा हसल्या होत्या. सासूबाईंना त्यात काही वाटलं नाही, मला वाटलं. अशा बाईला ढेकणाच्या पलंगावर झोपवायचं, किंवा झोपवायचं का नाही हे समजावून सांगायचं, दोन्ही मला शक्य नव्हतं. मी त्यांना फोन करून सांगितलं की घराचं रंगकाम काढलंय. त्या म्हणाल्या, चालेल, आम्हाला वासाचा त्रास नाही. मी म्हणाले, नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं. हे खरंच होतं. त्या म्हणाल्या, आम्ही पाण्याचे जार गाडीत टाकून आणतो. मग मी म्हणाले, सासूबाईंची तब्येत जरा नरम आहे. त्या म्हणाल्या, मग तर यायलाच हवं. माझ्याकडची कारणं संपली.

ते आले त्या सकाळी आमच्याकडे रंगाचा एक थेंब कुठे नव्हता आणि सासूबाई फाटकाशी खणखणीत उभ्या होत्या. गाडी थांबली. जाऊबाई उतरल्या, वाकून पाया पडल्या. मी पुढे होऊन त्यांची बॅग घ्यायला लागले. सासूबाईंनी माझा हात धरला.

"बॅगा गाडीतच राहू दे," त्या जाऊबाईंना म्हणाल्या. "घरात ढेकनं झाले. ही सांगत नाही, लाजून राह्यली. मले काऊन लाज? मी थोडीच पाळले?"

समोरच्या वहिनी ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. मी जमिनीकडे पाहत उभी राहिले. जाऊबाईंनी बॅग परत डिकीत ठेवली, डिकी लावली आणि मला विचारलं, "कुठल्या खोलीत?"

मी म्हणाले, दोन्ही. मग त्यांनी असे प्रश्न विचारले जे मला डॉक्टरांनीही विचारले नव्हते. नुसती गादीच पाहिली की पलंगाचे सांधेही? पलंग भिंतीला लागून आहे का? चादर जमिनीला टेकते का? कोणी झोपायची जागा बदलली का? शेवटच्या प्रश्नाला नवरा आत पाणी आणायला गेला.

चहा अंगणातच झाला, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. थोरले भाऊजी आल्यापासून एक शब्द बोलले नव्हते. जाऊबाईंनी कप खाली ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "सांग आता."

मग त्यांनी सांगितलं. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या फ्लॅटमध्ये ढेकूण झाले होते. सोसायटीत कोणाला कळू नये म्हणून औषध मारणाऱ्यांना त्यांनी नळदुरुस्तीचे लोक म्हणून आत घेतलं होतं. दोनदा औषध झालं, त्या स्वतः दर आठवड्याला पलंग खोलत होत्या, पण पूर्ण गेले ते जानेवारीत.

"म्हणजे दिवाळीत आम्ही इथे आलो, तेव्हा आमच्याकडे होते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं संपले. बॅग मी तुमच्या पलंगावरच ठेवली होती. काकू, आमच्याकडूनच आले असणार."

नवरा माझ्याकडे बघत होता, म्हणजे प्रशिक्षणाच्या बॅगेचा विषय मिटला असं त्याला म्हणायचं होतं. मला राग यायला हवा होता. दोन महिने मी पूर्ण बाह्या घालून फळ्यावर लिहीत होते. पण त्यांचा चेहरा डॉक्टरांच्या खुर्चीतल्या माझ्या चेहऱ्यासारखाच झाला होता, त्यामुळे राग काही नीट आला नाही. सासूबाईंनी बशीतला चहा फुंकून प्यायला आणि तोंड पुसलं.

"म्हंजे पुन्याचे हायेत," त्या म्हणाल्या. "तरीच दुपारी एक ते चार एकही दिसत नाही."

जाऊबाई आधी हसल्या. त्या हसल्या म्हणून मग मी.

त्यानंतर त्या कामाला लागल्या. साडी बदलायला माझा जुना गाऊन मागून घेतला आणि पुण्याहून आलेली ती बाई आमच्या पलंगाखाली उताणी पडून मोबाईलच्या उजेडात बोल्टची भोकं तपासायला लागली. लग्नातल्या रेशमी साड्यांवर वाफ मारायचं एक हातात धरायचं यंत्र त्यांनी आणलं होतं. ते त्यांनी पलंगाच्या सांध्यांवर धरलं, गोगलगाय चालेल इतक्या हळू, बोटभर जागा झाली की पुढची बोटभर. भराभर फिरवलं तर वाफेने ढेकूण फक्त आंघोळ करतो, असं त्या म्हणाल्या. अंडी जुन्या निकामी एटीएम कार्डाने खरवडून साबणाच्या पाण्यात टाकली. चादरी, अभ्रे, पडदे सगळं उकळत्या पाण्यात गेलं. गोधडी, वाकळ आणि जे उकळता येत नव्हतं ते काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून गच्चीवर टाकलं. आमच्याकडच्या मे महिन्याचा पहिल्यांदा काही उपयोग झाला. दुपारी त्या पिशवीला हात लावला तर चटका बसत होता.

सोफा नवरा आणि थोरल्या भाऊजींकडे होता. त्यांनी खालचं कापड फाडलं आणि आत पाहून दोघांनी एकदमच ते परत लावलं. जाऊबाईंनी ते पुन्हा काढायला लावलं.

संध्याकाळी पलंगाचे चार पाय चार वाट्यांत ठेवले, वाट्यांत साबणाचं पाणी, पलंग भिंतीपासून हातभर दूर. पाहुणे गच्चीवर नव्या चटयांवर झोपणार होते. मी विचारलं, आम्ही कुठे? जाऊबाई म्हणाल्या, तुम्ही पलंगावरच. तुम्ही तिथे नसलात तर राहिलेले ढेकूण तुम्हाला शोधत घरभर फिरतील, आणि तुम्ही असलात तर येताना वाटीत पडतील. थोडक्यात आम्ही आमिष होतो. पंचवीस वर्षांच्या संसारात एवढं सावध आम्ही शेजारी-शेजारी कधी झोपलो नसू.

सकाळी वाट्यांत सात होते. नवऱ्याने दोनदा मोजले.

लग्न मेहकरला, दुपारी बाराचं. आम्ही नऊला निघणार होतो, पण जाऊबाईंना सोफ्याचा एक हात राहिल्यासारखा वाटला. तो करता करता साडेअकरा झाले. वाफेच्या यंत्रात सागवानाचा भुसा अडकला होता, ते साडीला लावायची सोय राहिली नाही. दोघीही घडीच्या रेघांसकट नेसलो. पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगत बसली होती. उशीर का, असं सगळ्यांनी विचारलं. थोरले भाऊजी म्हणाले, गाडी पंक्चर झाली. त्याच वेळी नवरा म्हणाला, रस्त्याचं काम चालू आहे. मी म्हणाले, नळाला पाणी आलं होतं.

"ढेकनं मारून राह्यलो होतो," सासूबाई म्हणाल्या.

सगळी पंगत हसली. म्हातारी फार गमतीची आहे, असं नवरीच्या मामांनी सांगितलं आणि तिला आग्रहाने दुसरी जिलेबी वाढली. जेवण झाल्यावर हात धुवायच्या जागी एक बाई मात्र जाऊबाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली, नळ चालू ठेवला आणि विचारलं की समजा कोणाकडे झालेच, तर काय करायचं. जाऊबाईंनी तिला वाट्यांचं सांगितलं. त्या बाईने कोणाकडे ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पुण्याला परतताना जाऊबाईंनी बजावलं की हे एकदा करून होत नाही, अंड्यांतून नवे निघतात. म्हणून आम्ही दर दहा दिवसांनी पुन्हा केलं, तीन वेळा. त्या फोन करून विचारायच्या, काही दिसलं का. दुसऱ्या वेळी दोन दिसले, तिसऱ्या वेळी काहीच नाही. जूनच्या शेवटी मिस्त्री आला, चिरा भरल्या आणि खरंच पॉलिश केलं. वहिनींनी येऊन हात फिरवून पाहिला आणि छान झालंय म्हणाल्या. त्या दिवशी फाटकाशी ऐकलेलं त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यांच्याही दोन खाटा अधूनमधून उन्हात दिसायला लागल्या. 

ऑगस्टमध्ये जाऊबाईंचा फोन आला, आवाज बारीक होता. त्यांच्याकडे पुन्हा एक दिसला होता. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि मी येते म्हणाल्या. चौथ्या दिवशी एसटीने गेल्या. पंधरा दिवस त्या तिसऱ्या मजल्यावर राहिल्या आणि, जाऊबाईंनी फोनवर सांगितलं, तिथलं एकही फर्निचर उलटं करायचं ठेवलं नाही. सोसायटीत विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी आपण कशासाठी आलो ते सांगितलं. त्यावर खालच्या मजल्यावरची दोन घरं त्यांना बोलवायला आली.

परत आल्या तेव्हा मी फाटकाशीच होते. पाया पडले आणि म्हणाले, आई, पिशवी इथेच ठेवा. त्यांना अंगणात खुर्ची दिली, धुतलेलं लुगडं दिलं, आणि त्यांच्या पिशवीतलं सगळं एक-एक काढून बादलीत घातलं, वर उकळतं पाणी. पुण्याहून आणलेला नवा स्वेटर होता, तो काळ्या पिशवीत गेला. त्या बघत होत्या. एवढा प्रवास करून आलेल्या सासूला घरात घेत नाहीस का, असं त्या बोलल्या नाहीत, पण तोंड तसंच केलं होतं. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. जे सांगायचं ते नवऱ्याला सांगत, तो मला सांगे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पुढे ठेवला. त्यांनी बशीत ओतला, फुंकला.

"तिच्या सोफ्यातले सारे मीच काढले," त्या म्हणाल्या. "तिले वाकता येत नाही, कंबर धरली तिची. तू फोन कर अन् विचार, काही दिसलं काय."

मी फोन लावला.